मॅग्नेटचे सोमवार

हेलियमचा टेम्पो विभागाच्या पोर्चमध्ये येऊन थांबला तेव्हा मी फोनवर मुलीशी भांडत होते. म्हणजे भांडत मी एकटीच होते. रेवती शांत होती, आणि ती शांत असली की माझा आवाज आपोआप चढतो.

तिला आठवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आईनं जायचं, ओटी भरायची आणि लेकीला घेऊन यायचं. मी मात्र गेला महिनाभर या शनिवारी येते, त्या शनिवारी येते करत होते. त्या दिवशी तिनं सांगून टाकलं की ती नाशिकलाच राहणार आहे, सासूबाईंनी तिथल्या दवाखान्यात नाव नोंदवलंय, सगळं ठरलंय.

"लोक काय म्हणतील मला?" मी म्हणाले. त्या क्षणी सुचण्यासारखं सगळ्यात वाईट वाक्य तेच होतं, आणि तेच तोंडातून गेलं.

"काही म्हणत नाहीत गं," रेवती म्हणाली. "मी सांगते सगळ्यांना, आईचे सोमवार असतात."

हे ती टोमणा म्हणून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती समजुतीनं म्हणाली. मी फोन ठेवला आणि टेम्पोकडे गेले.

माझे सोमवार उपासाचे नव्हते, उपास घडू नये म्हणून होते. आमच्या रसायनशास्त्र विभागात एनएमआर नावाचं यंत्र होतं. विद्यार्थी नवा पदार्थ तयार करतात, तो खरंच आपल्याला हवा तोच आहे का, हे या यंत्रात घातलं की कळतं. यंत्राचा जीव म्हणजे माणसाहून उंच, तीन पायांवर उभा असलेला पांढरा मॅग्नेट. आत तारेचं वेटोळं, ते द्रवरूप हेलियममध्ये बुडालेलं, आणि हेलियम उडून जाऊ नये म्हणून भोवती द्रवरूप नायट्रोजन. वीज गेली तरी त्याचं काही बिघडत नाही, पण गारवा गेला की संपलं. नायट्रोजन दर सोमवारी भरायचा, हेलियम तीन-चार महिन्यांनी. हेलियम फार खाली गेला की वेटोळं तापतं, उरलासुरला हेलियम एका दमात वाफ होऊन निघून जातो आणि खाली नुसतं पिंप उरतं. याला क्वेंच म्हणतात. मग मॅग्नेट पुन्हा उभा करायला परदेशी कंपनीचा इंजिनियर लागतो आणि इतका पैसा, की आमच्यासारख्या विद्यापीठानं त्याचं स्वप्नसुद्धा पाहू नये.

नायट्रोजन आम्ही जिल्हा दूध संघाकडून आणत असू. म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी त्यांच्याकडे तो असायचाच. दर सोमवारी सकाळी विद्यापीठाच्या जीपमधून मी ॲल्युमिनियमचे कॅन घेऊन जायचे. तिथले चौगुलेमामा भरता भरता म्हणायचे, "म्याडम, तुमची म्हस लई पितीया. दूध कवा देनार?" मी म्हणायची, पीएचड्या देते की. त्यावर ते मान हलवायचे, पण त्यांना हा सौदा पटलाय असं कधी दिसलं नाही.

आमचा विभाग तसा नावाजलेला. सुरुवात झाली तेव्हा इमारत नव्हती, शेतकी गोदामाच्या पत्र्याखाली एमएस्सीचे प्रयोग चालत आणि उन्हाळ्यात ईथरच्या बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवाव्या लागत. मग दगडी इमारत आली, चार शाखा झाल्या, काचकाम विभाग आला, ग्रंथालय आलं, आणि शेवटी मॅग्नेट आला. तो दारातून जाईना म्हणून भिंत फोडली. पहिल्या खंडेनवमीला यंत्रांची पूजा होती. आमच्या एका उत्साही प्राध्यापकांनी आरतीचं ताट मॅग्नेटच्या जवळ नेलं, आणि ताट हातातून सुटून थेट त्याच्या अंगाला चिकटलं. कुंकू, अक्षता, पेढे, सगळ्यांनिशी. तिघांनी ओढून काढलं. त्या वेळी मी विभागात नवी होते आणि सगळ्यात मोठ्यानं हसले होते. मग विभागप्रमुख म्हणाले, यांना भीती वाटत नाही, यांनाच इन-चार्ज करा.

त्याला अकरा-बारा वर्षं झाली होती. ऑपरेटरची जागा मंजूर होती, भरली कधीच नाही. तरुण प्राध्यापकांना मी दोनदा शिकवून तयार केलं. एक कोरियाला गेला तो तिकडचाच झाला. दुसऱ्याच्या हातात रेवतीच्या लग्नाच्या आठवड्यात मॅग्नेट सोपवला, तर त्यानं नायट्रोजनच्या तोंडाशी बर्फाचं बूच बसू दिलं. आत दाब वाढला तर काय होईल या भीतीनं तो खोलीबाहेर बसून मला फोन करत राहिला. लेक सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातातल्या हिरव्या चुड्यानिशी ते बूच वितळवत होते. डोहाळजेवणालाही रविवारी सकाळी नाशिकला पोचले आणि त्याच रात्रीच्या बसनं परतले. आमचे हे लातूरला बँकेत बदलीवर होते, महिन्यातून दोनदा यायचे. घरी दुसरं कुणी नव्हतं. रेवतीनं माहेरी यायचं ते कुणाकडे?

टेम्पोचा ड्रायव्हर घाईत होता. मला उजेडात घाट उतरायचाय, सही द्या आणि पिंप उतरवून घ्या, म्हणाला. हे पिंप दीड महिना उशिरा आलं होतं. आधी निविदा अडकली, मग हेलियमचीच टंचाई आली. मॅग्नेटमधली पातळी मी कधी पाहिली नव्हती इतकी खाली गेली होती. हे पिंप चुकलं तर पुढचं कधी, हे मुंबईची कंपनी सांगायला तयार नव्हती.

मी सही करणार तोच पोर्चमध्ये रिक्षा थांबली आणि एक बाई उतरल्या. माझ्याच वयाच्या, पांढऱ्या कोटाच्या बाह्या दुमडलेल्या. डॉ. शमीम अत्तार, सरकारी रुग्णालयात रेडिओलॉजी बघते, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांच्या एमआरआय मशीनमध्येही असाच मॅग्नेट असतो, हेही मला समजावू लागल्या. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, काय झालंय ते सांगा.

झालं होतं ते असं. त्यांच्या मशीनचा हेलियम थंड ठेवणारा भाग बिघडला होता. नवा सुटा भाग कंपनीकडून निघाला होता, पोचायला दहा-बारा दिवस होते, आणि तोवर हेलियम पुरत नव्हता. कंपनीला फोन केला तर त्यांनी सांगितलं की आमच्याकडचं शेवटचं पिंप तुमच्याच गावात विद्यापीठाकडे निघालंय. आजूबाजूच्या तीन जिल्ह्यांतल्या गरिबांना परवडणारं एमआरआय तेवढंच होतं. बाकी खाजगी होती, तिथं जायची त्यांच्या पेशंटांची ऐपत नव्हती. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, जसं वरिष्ठांना सांगून सांगून पाठ झालेलं असतं.

"तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण न मागता परत गेले असते तर मला झोप लागली नसती, म्हणून आले."

मी त्यांना चहा सांगितला आणि बाबर सरांच्या खोलीत गेले.

बाबर सर विभागप्रमुख. माणूस वाईट नव्हता. सांगोल्याकडच्या कोरडवाहू शेतातून आलेला, विभागावर घरासारखा जीव लावणारा. पण पुढच्या महिन्यात मूल्यांकन समिती यायची होती आणि त्यांच्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाले. समितीला काय मेलेलं पिंप दाखवायचं? पीएचडीच्या पोरांचं काय? रुग्णालय सरकारचं आहे, सरकार बघून घेईल. मी काहीच बोलले नाही तेव्हा त्यांना वाटलं, मी दवाखान्याच्या बाईंना तोंड कसं दाखवू या काळजीत आहे. म्हणून त्यांनी सूर बदलला.

"मॅडम, हे बघा, तांत्रिक निर्णय इन-चार्जचा असतो. माझ्यावर ढकलू नका आणि स्वतःवरही घेऊ नका. तुम्हीच जाऊन सांगा, आमच्या मॅग्नेटची स्थिती नाजूक आहे, देता येत नाही." मग हसून म्हणाले, "अहो, तुम्ही आई आहात त्याची. तुमच्या तोंडून ऐकलं की कुणीही समजून घेईल."

"म्हणजे निर्णय माझा?" मी विचारलं.

"तुमचाच. मी सही करतो त्याखाली."

मी त्यांच्यासमोर दोन ओळी खरडल्या. त्यांनी न वाचता सही केली, कारण मी काय लिहिणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. बारा वर्षांत माझ्याबद्दल कुणालाच ती नव्हती.

मी मॅग्नेटच्या खोलीत गेले. सवयीनं घड्याळ आणि किल्ल्या बाहेर काढून ठेवल्या. आत तोच आवाज होता, बारीक फुसफुस, बाटलीचं बूच थोडं सैल राहिल्यासारखी. हा आवाज मी झोपेतही ऐकायची. पातळी बघितली. मग बाहेर आले आणि ड्रायव्हरला म्हणाले की पिंप उतरवू नका, या डॉक्टरबाईंना पुढे बसवा आणि सरकारी रुग्णालयात घेऊन जा.

"तुमच्या यंत्राचं काय होईल?" डॉ. अत्तारांनी विचारलं.

"जाईल," मी म्हणाले. "पंधरवड्यात जाईल."

त्यांनी माझा हात धरला आणि मला वाटलं त्या रडतील, पण ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि त्या चढून बसल्या.

बाबर सरांना कळलं तेव्हा ते इतके चिडले की त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मग फुटले ते सगळ्या व्हरांड्यानं ऐकले. मी त्यांच्या सहीचा कागद पुढे ठेवला. ते त्यांनी मनाला लावून घेतलं, आणि पुढचे चार-पाच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कंपनीचा इंजिनियर येऊन मॅग्नेटमधला विजेचा प्रवाह नीट, शांतपणे उतरवू शकला असता, पण त्याची तारीख महिन्यानंतरची होती. म्हणून मी जे हातात होतं ते केलं. ज्या पोरांचे स्पेक्ट्रा, म्हणजे यंत्रातून निघणारे आलेख, घ्यायचे राहिले होते त्यांची रांग लावली. दारात बारीकशा काचेच्या नळ्या घेऊन मुलं उभी असायची. जयसिंगपूरहून, कऱ्हाडहून कॉलेजांची पोरं आली. कुणाला दुसऱ्यांदा बघायचं होतं, कुणाला उगाच शंका होती. मी कुणाला नाही म्हटलं नाही. त्या आठवड्यात त्या मॅग्नेटनं जेवढं काम केलं तेवढं कुठल्या वर्षात केलं नसेल. मग पातळी अशा जागी आली की मी खोलीला कुलूप लावलं. क्वेंच होताना खोलीतली श्वासाची हवा संपते, आणि आमची पोरं अशी की एका स्पेक्ट्रमसाठी जीव धोक्यात घालतील. किल्ली मी पदराला बांधली. दुसऱ्या कुणाकडे दिली असती तर पोरांनी गोड बोलून काढून घेतली असती. म्हणूनच मला नाशिकला जाता येईना. तो जाईपर्यंत मी जाऊ शकत नव्हते.

याच दिवसांत पेपरात बातमी आली. डॉ. अत्तारांनी कुणाला तरी सांगितलं होतं. 'रुग्णांसाठी विद्यापीठाने यंत्राचा त्याग केला' असा मथळा, खाली माझं नाव, फोटो जुना. दुसऱ्या दिवशी कुलगुरूंचा बाबर सरांना अभिनंदनाचा फोन आला. तिसऱ्या दिवशी बाबर सर माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले की आपला निर्णय योग्यच होता. 'आपला' हा शब्द ऐकून मला हसू आलं, पण मी ते चहाच्या कपात लपवलं. रेवतीशी रोज बोलत होते. बातमीबद्दल ती काही बोलली नाही, मीही विषय काढला नाही.

मॅग्नेट एका दुपारी गेला. मी आणि बाबर सर व्हरांड्यात होतो. आधी ती नेहमीची फुसफुस वाढली, मग एकदम कुकरची शिट्टी अडकून बसावी तसा आवाज सुरू झाला. दाराच्या काचेतून दिसेना, सगळं पांढरं झालं. खिडक्या मी आधीच उघडून ठेवल्या होत्या, त्यातून वाफेचे लोट बाहेर पडून झाडांत शिरले. खालच्या मजल्यावरची पोरं अंगणात पळाली. काही मिनिटांत सगळं थांबलं. मी इतकी शांतता त्या व्हरांड्यात कधी ऐकली नव्हती.

बाबर सरांनी चष्मा काढून पुसला. "भिंत फोडून आणलावता," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "लोकांचे जीव वाचले असतील मॅडम, ते पुण्य तुमचं."

मी घरी गेले, साडी न बदलता पलंगावर पडले आणि झोपले. अशी झोप मला रेवतीच्या जन्मानंतर लागली नसेल. संध्याकाळ गेली, रात्र गेली. सकाळी डोळे उघडले तर फोनवर जावईबापूंचे किती तरी फोन येऊन गेलेले. रेवतीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. पहाटे मुलगी झाली होती.

मी मिळेल ती बस धरली. बसमध्ये डिंकाचा, आळिवाचा विचार करत होते, जवळ काहीच नव्हतं. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला हात हलवत निघालेली आई मी माझ्या माहितीत एकटीच.

नाशिकला दवाखान्याच्या खोलीत रेवतीच्या सासूबाईंनी माझं स्वागत केलं ते कुणा पाहुण्या पुढाऱ्याचं करावं तसं. बातमी त्यांच्याकडच्या पेपरातही आली होती. त्यांनी ती कापून आणली होती, भेटायला आलेल्या शेजारणींना दाखवली. "विहीणबाईंनी काय केलं बघा, अशी माणसं आता राहिली नाहीत," असं म्हणाल्या. त्या मनापासून बोलत होत्या, आणि माझ्या लेकीचं सगळं त्यांनी निगुतीनं केलं होतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि त्या माझंच कौतुक करत होत्या. रेवती पलंगावर पडून ऐकत होती. बाळ तिच्या कुशीत झोपलं होतं, डोळे घट्ट मिटून.

सगळ्या गेल्या तेव्हा मी दार लोटलं आणि पलंगाच्या कडेला बसले.

"बरं केलंस," रेवती म्हणाली. "पेशंटांची सोय झाली."

मी बाळाच्या पायावरचं दुपटं सारखं केलं.

"आई, एक विचारू? त्या डॉक्टर मागायला आल्या नसत्या, तर मॅग्नेट अजून असता ना?"

"असता."

"आणि तो असता, तर तू आली असतीस?"

येते गं, शनिवारी येते, हे माझ्या जिभेवर इतकं बसलं होतं की पुन्हा सहज बोलून गेले असते. पण आता त्याची गरज उरली नव्हती.

"नसते आले," मी म्हणाले. "म्हणून तर हेलियम देऊन टाकला."

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "पेपरात तसं नाहीये."

"पेपरवाल्यांनी मला कुठं विचारलं. पेशंटांचं भलं झालं ते झालंच. पण तू म्हणालीस ना, सगळ्यांना सांगते आईचे सोमवार असतात. ते ऐकून मी खाली गेले, तोच त्या बाई आल्या. मला आयुष्यात पहिल्यांदा तो मॅग्नेट नको झाला होता रेवती. त्या मागत होत्या आणि मला वाटत होतं, न्या, लवकर न्या."

रेवतीच्या डोळ्यांतून पाणी ओघळून उशीत गेलं. तिनं ते पुसलं नाही.

"तरी उशीरच केलास," ती म्हणाली.

"केला."

मग ती बाळाला घेऊन हळूच भिंतीकडे सरकली. टाके दुखत असावेत, तोंडावर कळ दिसली. पलंगावर माझ्यापुरती जागा झाली.

"झोप जरा," ती म्हणाली. "कशी दिसतेस बघ."

"बाळ उठेल."

"उठलं तर मी आहे ना."

मी आडवी झाले.